खेळण्यातले पिस्तूल आणि खरी शिक्षा

टिकल्यांची बंदूक कधी हातात धरली नाही असा मुलगा महाराष्ट्रात शोधून काढणे कठीण. दिवाळी आली की पत्र्याचे ते पिस्तूल, लाल कागदाची गुंडाळी आणि दारूचा तो खमंग वास. इस्राएलात पुरिमच्या दिवशी, ज्याला आमचे वाडवडील होळीचा सण म्हणत, सोंग घेतलेली मुले असलीच पिस्तुले कमरेला लावून हिंडतात. कोणी त्यांना भीत नाही. पण हेच पिस्तूल एखाद्या दांडग्या माणसाच्या हाती, रात्रीच्या वेळी, पेढीवर एकट्या बसलेल्या कारकुनापुढे आले म्हणजे काय? आणि ते खोटे होते असे मागाहून कळले, तर त्या माणसाची शिक्षा कमी व्हावी काय?

वाचकांस हा प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याला भारताच्या, विलायतेच्या आणि आम्ही राहतो त्या बहरीनच्या कायद्याने निरनिराळी उत्तरे दिली आहेत. परक्या देशात संसार मांडलेल्या माणसाला तर हा फरक ठाऊक असणे जरुरीचे आहे. म्हणून या वेळी हा पाठ घेत आहोत.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. भारताचा शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात 'शस्त्रे' म्हणजे काय ते सांगितले आहे, आणि काय नव्हे तेही सांगितले आहे. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, लाठी, साधी हातातली काठी, ही शस्त्रे नव्हेत. तसेच जे हत्यार खेळण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचे नाही आणि ज्याचे चालत्या हत्यारात रूपांतर करता येत नाही, तेही शस्त्र नव्हे. म्हणजे टिकल्यांची बंदूक बाळगणाऱ्यास परवाना नको. येथवर सर्वांच्या मनासारखे झाले.

पण त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक निराळाच शब्द येतो. तो म्हणजे नकली बंदूक, कायद्याच्या भाषेत नकली अग्निशस्त्र. त्याची व्याख्या अशी की, जिला बंदुकीचे रूप आहे अशी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. येथे वस्तू काय करू शकते याला महत्त्व नाही. ती कशी दिसते याला आहे. अशा नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास परवाना लागतो. परवान्याशिवाय ते करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर निदान सात वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. ही शिक्षा आम्हांस जबर वाटते, पण अन्यायाची वाटत नाही. कारण रूपांतर झाल्यावर ती वस्तू नकली राहतच नाही.

आमच्या पाठाचा खरा गाभा अठ्ठाविसाव्या कलमात आहे. स्वतःची किंवा दुसऱ्या कोणाची कायदेशीर अटक टाळण्यासाठी जो कोणी बंदुकीचा अथवा नकली बंदुकीचा कसलाही उपयोग करील, त्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. येथे खरी आणि खोटी बंदूक एका ओळीत, एका शिक्षेखाली बसविली आहे. पोलीस शिपायावर रोखलेले पत्र्याचे पिस्तूल आणि पोलादाचे पिस्तूल, दोहोंना कमाल शिक्षा एकच.

ही कल्पना भारतात जन्मली नाही. विलायतेत १९३३ साली बंदुकांच्या व नकली बंदुकांच्या गुन्हेगारी उपयोगाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९६८ च्या बंदूक कायद्यात ती तरतूद आली आणि तेथे अटक टाळण्यासाठी नकली बंदूक वापरणाऱ्यास कमाल शिक्षा जन्मठेपेची आहे. भारतात सात वर्षे, विलायतेत जन्मठेप. एकाच कल्पनेची ही दोन अपत्ये, पण वजनात किती अंतर!

विलायतेतील एका खटल्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे, कारण वर्गात ती सांगितली असती तर पोरे हसली असती आणि धडा कायमचा ध्यानात राहिला असता. एक इसम लुटीच्या हेतूने एका घरात शिरला. हात कोटाच्या आत घालून त्याने बोटे पुढे अशी ताणली की आत पिस्तूल आहे असे वाटावे. घरातला माणूस घाबरला आणि त्याने चीजवस्तू काढून दिली. लुटीचा गुन्हा तर झालाच, पण शिवाय नकली बंदूक जवळ बाळगल्याचा आरोपही आला. खालच्या कोर्टांनी तो मान्य केला. २००५ साली प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले आणि तेथील न्यायमूर्तींनी हा दुसरा आरोप काढून टाकला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस जी वस्तू जवळ बाळगतो ती त्याच्याहून वेगळी असावी लागते. स्वतःची बोटे कोणी 'बाळगीत' नाही. घाबरलेल्या माणसाच्या भीतीत काही उणेपणा नव्हता, तरी शिक्षा शब्दाबाहेर जाऊ दिली नाही. आम्हांस हा निकाल फार मोलाचा वाटतो. भीती कितीही खरी असो, कायद्यात जे लिहिलेले नाही त्याची सजा देता येत नाही.

पण त्याच विलायतेने पुढच्याच वर्षी, २००६ साली, दुसरे टोक गाठले. हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका बनविणे, आणणे आणि विकणे यांवर बंदी आली. नाटक, सिनेमा, वस्तुसंग्रहालय यांना सूट मिळाली. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक घेऊन हिंडणाऱ्यास पूर्वी सहा महिन्यांपर्यंत कैद होती, ती बारा महिन्यांपर्यंत नेली. येथे हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. घेऊन हिंडणे हाच गुन्हा. कारण काय ते आरोपीने सांगावयाचे. शिक्षा माफक आहे म्हणून हे खपते. हेच तत्त्व पाच-सात वर्षांच्या शिक्षेला जोडले असते तर आम्ही त्याला अन्यायच म्हटले असते.

आता दोन विमानांची गोष्ट. दोन्ही भारताची, दोन्हींत खोटी हत्यारे.

३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूस निघाले. हाशिम कुरेशी आणि त्याच्या नात्यातला अश्रफ या दोघा तरुणांनी ते लाहोरला पळविले. त्यांच्याजवळ नकली पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब होता. उतारू सुखरूप सुटले, पण फेब्रुवारीच्या आरंभी विमान जाळून टाकण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास मनाई केली. तेव्हापासून पश्चिम पाकिस्तानातून पूर्वेकडे जाण्यास त्यांना सिलोनचा वळसा पडू लागला, आणि ते वर्ष कोणत्या युद्धाने संपले हे आमच्या पिढीस सांगावयास नको. लाकडाच्या तुकड्याने केवढा हलकल्लोळ केला! पाकिस्तानात आधी या तरुणांना वीर म्हणून डोक्यावर घेतले, मग हेर म्हणून पकडले. हाशिम १९८० पर्यंत तुरुंगात होता. पुढे २००० साली तो भारतात परतला तेव्हा येथेही त्याच कृत्यासाठी त्याला अटक झाली.

दुसरे विमान २० डिसेंबर १९७८ चे. कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीस जाणारे बोइंग भोलानाथ पांडे आणि देवेंद्रनाथ पांडे यांनी वाराणसीस नेले. इंदिरा गांधींना लोकसभेने तुरुंगात धाडले होते, त्यांना सोडा ही मागणी. जवळ होती खेळण्यातली पिस्तुले आणि बॉम्ब म्हणून गुंडाळलेला क्रिकेटचा चेंडू. शंभराहून अधिक उतारू रात्रभर विमानात अडकून राहिले. दुसऱ्या दिवशी दोघे स्वाधीन झाले, काही महिने तुरुंगात राहिले. १९८० साली राज्य बदलल्यावर खटला मागे घेण्यात आला आणि दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले.

एकाला खोट्या पिस्तुलाबद्दल आयुष्याची ऐन वर्षे आणि म्हातारपणाकडे झुकताना पुन्हा कोठडी. दुसऱ्यांना आमदारकी. पहिल्या घटनेचे परिणाम भयंकर होते हे खरे, विमानही जळाले. पण शिक्षेतला हा फरक परिणामांच्या मोजमापाने पडला नाही. तो राज्यकर्त्यांच्या सोयीने पडला. शिक्षेच्या न्यायीपणाची चर्चा करताना वस्तू खरी की खोटी यावर आपण फार बोलतो. न्यायाचा काटा पुष्कळदा दुसऱ्याच हाताने हलतो, ते विसरतो.

त्या काळी भारतात विमान पळविण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८२ साली झाला, आणि २०१६ साली त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. या नव्या कायद्याचा पहिला फटका मुंबईच्या एका जवाहिऱ्यास बसला. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्या विमानाच्या शौचकूपात धमकीची चिठ्ठी सापडली, विमान अहमदाबादेस उतरविले गेले. पिस्तूल नाही, खेळणेही नाही, फक्त कागद. २०१९ साली खालच्या कोर्टाने जन्मठेप आणि पाच कोटी रुपये दंड ठोठावला. २०२३ साली गुजरातच्या हायकोर्टाने पुरावा अपुरा ठरवून त्याला निर्दोष सोडले. मधली वर्षे कोणी परत देत नाही. आमचे मत असे की, जेथे वस्तू खोटी असते आणि केवळ भीतीच खरी असते, तेथे शिक्षा जितकी जबर तितका पुरावा पक्का हवा. भीतीच्या भरात माणूस आरोपीही घाईने शोधतो.

हे झाले भारताचे. आता ज्या भूमीवर आम्ही राहतो तिच्याकडे वळू.

आमच्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल की, एके काळी मुंबईचा आणि बहरीनचा फौजदारी कायदा, निदान परदेशी रहिवाशांपुरता, एकच होता. १९१३ ची बहरीन ऑर्डर इन कौन्सिल १९१९ साली अमलात आली. तेव्हापासून ब्रिटिश संरक्षणाखालच्या परदेशीयांचे, त्यांत हिंदी व्यापारीही आले, खटले पोलिटिकल एजंटाच्या कोर्टात चालत आणि तेथे इंडियन पीनल कोड लागू असे. रुपया तर येथे १९६५ पर्यंत चालला. हत्यारांविषयीची कडक नजर त्याहूनही जुनी. १८९८ साली शेख ईसा बिन अली यांनी बहरीनमध्ये हत्यारांची आयात-निर्यात बंद करण्याचा करार ब्रिटिशांशी केला, कारण त्या वेळी आखातात बंदुकांचा चोरटा व्यापार जोरात होता. ब्रिटिश कोर्टे १९७१ मध्ये गेली. १९७६ साली बहरीनने आपली स्वतःची दंडसंहिता केली आणि त्याच वर्षी स्फोटके, हत्यारे व दारूगोळा यांचा कायदाही.

नकली वस्तूंवर बहरीनचा राग मोत्यांमुळेही प्रसिद्ध आहे. लागवडीच्या मोत्यांचा व्यापार येथे कायद्याने बंद आहे, कारण नुसत्या डोळ्यांना समुद्रातला मोती आणि लागवडीचा मोती यांतला फरक ओळखता येत नाही. पाहणारा फसतो, म्हणून बंदी. बंदुकीचे तर्कशास्त्र याहून फारसे निराळे नाही.

आमच्या विषयाच्या अगदी जवळची तरतूद २००६ च्या ५८ क्रमांकाच्या दहशतवादविरोधी कायद्यात, दहाव्या कलमात आहे. खरा स्फोट घडविणाऱ्यास त्यात अत्यंत कडक शिक्षा आहे. त्याच कलमात पुढे असे आहे की, दहशतवादी हेतूने रस्त्यात, सार्वजनिक किंवा खासगी जागी स्फोटकांसारखे दिसणारे नकली आकार जो ठेवील किंवा घेऊन फिरेल त्यासही कैद. ही तरतूद कागदावर राहिली नाही. २०११ नंतरच्या अशांत वर्षांत रस्त्यात नकली बॉम्ब ठेवल्याच्या, वाहतूक थांबल्याच्या आणि आरोपींना शिक्षा झाल्याच्या बातम्या येथल्या वर्तमानपत्रांत पुष्कळदा आल्या. डबा, तारा, चिकटपट्टी, एवढेच साहित्य. पण तो डबा रिकामा आहे हे ठरविण्यासाठी पोलिसांना जिवावर उदार होऊन पुढे जावेच लागते.

या कलमात दोन गोष्टी विद्यार्थ्याने हेरल्या पाहिजेत. एक, 'दहशतवादी हेतूने' हे शब्द. विलायतेतल्याप्रमाणे नुसते घेऊन हिंडणे येथे पुरेसे नाही, मनातला हेतू सिद्ध व्हावा लागतो. दुसरे, शिक्षेची पायरी. अरबी कायद्यात कैदेला दोन शब्द आहेत. गंभीर गुन्ह्यांसाठी 'सिज्न' आणि त्याखालच्या गुन्ह्यांसाठी 'हब्स'. मराठीत दोहोंचे भाषांतर 'तुरुंगवास' असेच होते आणि सारा फरक बुडून जातो. खऱ्या स्फोटाची आणि खोट्या डब्याची पायरी वेगळी ठेवणे हे आम्हांस योग्य वाटते. मात्र हेतू मनात असतो आणि तो ठरवितात दुसरे. ज्या वर्षांत सारा देश धास्तावलेला असतो त्या वर्षांत न्यायाधीशालाही हेतू लवकर दिसू लागतो. कायद्याचे शब्द चांगले असणे म्हणजे निकाल चांगला असणे नव्हे, हे वरच्या अहमदाबादच्या खटल्यावरूनही दिसते.

बहरीनने पुढे दोन सुधारणा केल्या, त्यांची नोंद न करणे अन्यायाचे होईल. २०१७ च्या १८ क्रमांकाच्या कायद्याने तुरुंगाऐवजी समाजसेवा, घरीच स्थानबद्धता, इलेक्ट्रॉनिक पट्ट्याची देखरेख अशा पर्यायी शिक्षा आल्या. आणि २०२१ च्या मुलांविषयीच्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलावर फौजदारी जबाबदारी ठेवली नाही. खेळण्याची बंदूक बहुतेक मुलांच्याच हाती असते, हे लक्षात घेता ही दुसरी सुधारणा आमच्या पाठाशी थेट जोडलेली आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. लुटारूच्या हातातले पिस्तूल खोटे निघाले, तर शिक्षा कमी करावी काय?

जो लुटला गेला तो म्हणेल, का म्हणून? माझे काळीज तर खऱ्यासारखेच थरथरले. या म्हणण्याला उडवून लावता येणार नाही. तोरामध्ये, निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात, घर फोडून आत शिरणाऱ्या चोराचा नियम आहे. रात्री शिरलेला चोर मारला गेला तर घरधन्यावर रक्तदोष नाही, सूर्य उगवला असेल तर आहे. कारण अंधारात घरधन्याला चोराचे मन वाचता येत नाही. त्याने भीतीच्या क्षणी काय केले याला नियम सूट देतो. परंतु नीट पाहा, ही सूट त्या क्षणापुरती आहे. उजाडले की मोजमाप बदलते. न्यायालयात तर नेहमी उजाडलेलेच असते. तेथे पिस्तूल टेबलावर ठेवलेले असते आणि ते पत्र्याचे आहे हे सर्वांना दिसते.

भारताच्या दंडसंहितेने या दोन्ही बाजू सांभाळल्या होत्या. कलम ३९२ प्रमाणे लुटीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. घाबरवून घेतले की लूट झाली, मग साधन काही का असेना. कलम ३९७ मात्र प्राणघातक हत्यार वापरणाऱ्यासाठी होते आणि त्यात निदान सात वर्षे द्यावीच लागत. खेळण्याने प्राण जात नाही, तेव्हा ही सक्तीची सात वर्षे त्याला लागू पडत नाहीत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे ३०९ आणि ३११ झाले, पण रचना तीच राहिली. म्हणजे न्यायाधीशास मोकळीक आहे. विधवेला एकटी गाठून जन्माचा धसका देणाऱ्याला तो खोट्या पिस्तुलावरही आठ वर्षे देऊ शकतो, आणि भुकेपोटी पहिल्यांदाच वाकडी वाट धरलेल्या पोराला दोन.

आमचे मत या रचनेच्या बाजूने आहे, आणि त्याचे एक व्यवहारी कारणही आहे. खऱ्या आणि खोट्या पिस्तुलाला सरसकट सारखीच शिक्षा ठेवली, तर लुटारूला खोटे आणण्याचे काय कारण उरले? शिक्षा तीच भोगावयाची, तर खरेच आणू, असे तो म्हणेल. शिक्षेत ठेवलेला फरक हा लुटारूवर केलेला उपकार नव्हे. तो त्या पेढीवरच्या कारकुनाच्या जिवाचा विमा आहे.

परदेशस्थांसाठी मात्र एक मोजमाप कोणत्याही कलमात सापडत नाही. येथल्या कोर्टाच्या बातम्यांत परदेशी आरोपीच्या शिक्षेपुढे पुष्कळदा एक वाक्य असते, शिक्षा संपल्यावर देशाबाहेर पाठवावे. स्थानिक माणूस सहा महिन्यांनी घरी जातो. आमचा माणूस सहा महिन्यांनी नोकरी, बिऱ्हाड, मुलांची शाळा आणि गावच्या घरावरचे कर्ज फेडण्याचे साधन, सारे येथेच टाकून विमानात बसतो. आकडा एक, शिक्षा दोन. मिश्नाच्या मक्कोथ भागात फटक्यांची संख्या ठरविण्यापूर्वी त्या माणसाला किती सोसेल याचा अंदाज घेण्यास सांगितले आहे. असा अंदाज घेण्याची मोकळीक न्यायाधीशास असेल तेथे वकिलाने कुटुंबाची सारी परिस्थिती कोर्टापुढे कागदोपत्री मांडलीच पाहिजे. गप्प बसणे हा मोठेपणा नव्हे.

आणि काही वेळा शिक्षा कोर्टाची वाट पाहत नाही. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी नोव्हेंबर २०१४ मध्ये टामीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत छऱ्यांच्या खेळण्यातल्या पिस्तुलाशी खेळत होता. त्या देशात १९८८ च्या कायद्याने अशा पिस्तुलाच्या टोकाला नारिंगी रंग असावा लागतो, तो त्या पिस्तुलावर राहिलेला नव्हता. फोन करून कळविणाऱ्याने ते बहुधा खोटे असावे असेही सांगितले होते, पण हे शब्द पोलिसांपर्यंत पोहोचले नाहीत. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला. गोळी झाडणाऱ्यावर खटला भरला गेला नाही.

म्हणून घरोघरच्या मंडळींस काही अगदी साध्या सूचना. खेळण्यातली बंदूक घ्यावयाचीच तर हिरवी, पिवळी, पारदर्शक घ्यावी. काळी आणि हुबेहूब घेऊ नये. रंगीत टोक मुलांनी खरवडले किंवा काळे केले तर ती बंदूक सरळ टाकून द्यावी. मोटारीच्या मागल्या काचेशी ती पडू देऊ नये, पुरिमच्या सोंगात असली तरी रस्त्यावर काढू नये. मुंबईस जाताना भाच्या-पुतण्यांसाठी मनाम्याच्या बाजारातून घेतलेले पिस्तूल हाताच्या बॅगेत ठेवू नये, विमानतळावर खेळण्यातली बंदूकही मनाई केलेल्या वस्तूंत येते. आणि परतताना दिवाळीच्या उरलेल्या टिकल्या कौतुकाने बांधून आणू नयेत. टिकल्या या स्फोटक पदार्थांत मोडतात. त्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, आणि मोठ्या पेटीतही चालत नाहीत.